सतरा नंबरची कोठी

बफेलो, ६ एप्रिल २०१४

एमेट,

आहेस ना रे अजून त्या वाळवंटात, की विंचवांनी जावई करून घेतलं? नाताळच्या कार्डावर नुसती सही करून पाठवलीस. मावसबहिणीला दोन ओळी लिहायला शाई काय सोन्याची लागते?

मला मात्र लिहायला बातमी आहे. आपलं मेरिडिथ कोठार उघडलं! तुझ्या बाबांनी, माझ्या बाबांनी, तू आणि आमच्या डर्मटनं जिथं बोटींतला गहू उपसला तेच. इतकी वर्षं कबुतरांनी राज्य केलं, आता कलावंत करणार. नदीकाठची ती सगळी धुडं पाडायची म्हणून वॉर्डातले लोक दर निवडणुकीला ओरडायचे, आणि आता तिथं कविता वाचतात, नाच करतात, भिंतींवर चित्रं टाकतात. एका कमिटीनं ताब्यात घेतलंय. जुन्या कामगारांच्या घरातलं कुणीतरी हवं म्हणून मला किल्ल्या सांभाळायला ठेवलंय. आठवड्यातून तीन दिवस. गुडघे कुरकुरतात, पण घरात बसून टीव्हीशी भांडण्यापेक्षा बरं.

माँट्रियलची एक पोरगी आलीय, ओडेट नावाची. ती त्या उंच रिकाम्या कोठ्यांमधून ‘ऐकण्याची जागा’ करतेय. म्हणजे लोकांनी आत जायचं, भिंतीवर एक ठोका मारायचा आणि तो वर जाऊन विरेपर्यंत गप्प उभं राहायचं. मी म्हटलं, "बाई गं, याला कला म्हणतात? आमच्या बापांच्या वेळी याला कामचुकारपणा म्हणायचे." हसून हसून खाली बसली. पोरगी गोड आहे, फक्त धड जेवत नाही.

गंमत सांगते. ती प्रत्येक कोठीवर लाकडी हातोडीनं एकेक ठोका मारून यंत्रावर आवाज टिपत होती. सतरा नंबरची तेवढी भरलेली आहे. तुमच्या शेवटच्या हंगामातला गहू आत भिजून दगड झालाय, तो कुणी काढलाच नाही. तिथून काही परत यायला नको, म्हणून तिनं उगीच खालच्या लोखंडी दारावर एक ठोका मारला. तर परत आले तीन. ती मला बोलवायला धावत आली. मी म्हटलं, कबुतरं असतील.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासळी खाताना तुझी आठवण निघाली होती. डर्मटचीही निघाली. ती मी काढत नाही, लोक काढतात. लढाईवर जायचं पत्र आल्यावर पूल ओलांडून कॅनडात पळालेला हॅनराहनांचा पोरगा, एवढीच माझ्या भावाची ओळख राहिली. आईला एक कार्ड, छापील अक्षरांत दोन ओळी, ‘ठीक आहे, शोधू नका.’ संपलं. मी ते अजून आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय, का ते विचारू नकोस.

तुझी,
बर्निस

*

टूसॉन, १५ एप्रिल

प्रिय बर्नी,

जिवंत आहे. विंचवांनी मागणी घातली होती, पण हुंडा जमला नाही.

कोठाराचं वाचून हसू आलं. ज्या जागेतून बाहेर पडायला आम्ही भोंग्याची वाट बघायचो, तिथं लोक आता हौसेनं आत जातात! जग उलटं चाललंय. तुला काम मिळालं हे मात्र छान झालं. सगळ्यांवर हुकूम गाजवायची तुझी हौस भागेल.

ठोक्यांचं म्हणशील तर त्यात काही नाही. ऊन चढलं की काँक्रीट तडकतं. माझ्या घरावर पत्रा आहे, रोज दुपारी चार वाजता तोही टकटक करतो. आता सवय झाली. रेडिओ लावतो.

एक सांगतो, ऐक. सतरा नंबरच्या वाटेला जाऊ नका. तो गहू चाळीस वर्षं कुजलाय. फोडायला गेलात तर अशी बुरशी उडेल की छातीत जाऊन बसेल. त्या पोरीला सांग, इतक्या कोठ्या आहेत, एक सोडली तर तुझी कला काही बुडत नाही. आपल्यात नाही का म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि ते कार्ड जाळून टाक, बर्नी. इतक्या वर्षांत जो आला नाही त्याचा कागद काय उराशी धरायचा?

तुझा,
एमेट

*

बफेलो, २ मे

एमेट,

तिकडे उन्हात बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तडकणारं काँक्रीट मोजून तीनदा तडकतं होय?

ओडेट रोज सांगायची, मी रोज झटकायची. शेवटी मंगळवारी भर दुपारी मी स्वतः गेले. बाहेर ऊन, नदीवर वल्हवणारी कॉलेजची पोरं आरडाओरडा करत होती. सतराच्या दारासमोर उभी राहिले आणि बोटाच्या हाडानं एकदाच वाजवलं. वाटलं, आता काय होणार, कपाळ! घटकाभर काही नाही. मग आतून, खालून, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवरून, टक, टक, टक.

एमेट, मी दारापासून मागे सरले. कारण ते तीन मला माहीत आहेत. तू विसरलास का? बाबा जेवताना टेबलावर करून दाखवायचे. आत उतरलेल्या माणसानं अधूनमधून फावड्याच्या दांड्यानं भिंतीवर तीन ठोके द्यायचे. म्हणजे ‘मी आहे’. वरच्यानं तो आहे असं समजायचं. आणि कोठीत उतरण्याआधी आपला पितळी बिल्ला मुकादमाच्या फळीवर त्या नंबरच्या खिळ्याला लावायचा, बाहेर आल्यावर आपल्याच हातानं काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, सख्ख्या भावाच्याही नाही. बाबांनी आम्हांला प्रार्थनेआधी हे शिकवलं असेल. ओडेटला यातलं काही ठाऊक नाही. तिला कुणी सांगितलेलं नाही, मी खात्री केली.

मी घरी येऊन खूप विचार केला. तू हसशील, पण मला वाटतं डर्मट तिकडे कॅनडात कधीतरी मेला, आणि आता घरी आलाय. घराला तर मी दोन वर्षांपूर्वी नवीन दार बसवलं, ओळखीचं काही उरलं नाही. मग ओळखीची जागा कुठली? कोठार.

म्हणून काल पुन्हा गेले आणि दारासमोर खुर्ची टाकून त्याला शिव्या घातल्या. मनसोक्त. म्हटलं, गाढवा, सत्त्याहत्तर साली सरकारनं लढाई टाळून पळालेल्या तुम्हां सगळ्यांना माफ केलं तेव्हा आईनं सबंध वर्ष तुझी ताटली मांडली. रोज मांडायची, रोज उचलायची. तेव्हा कुठं होतास? बाबांच्या मातीला आला नाहीस, तिच्या मातीला आला नाहीस. ती शेवटी काय म्हणाली ठाऊक आहे? "माझा मुलगा भित्रा निघाला, त्याचं नाव दगडावर कोरू नका." सगळं बोलले. मग वाजवलं.

तीन.

ओडेट जूनमध्ये सतराचं दार फोडायचं म्हणतेय. गहू काढून तिथं मुख्य दालन करायचं आहे. मी अजून काही बोलले नाही.

बर्निस

*

टूसॉन, ९ मे

बर्नी,

तू तिथं जाणं बंद कर. ही विनंती नाही, मोठ्या भावासारखं सांगतोय. साठी झाली, एकटी राहतेस, माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. मला नाही का ऐकू येत?

आणि कमिटीला लिहून दे की सतराला हात लावायचा नाही. जुन्या कामगारांची इच्छा म्हण. माझं नाव घाल हवं तर. त्या वेळचा जिवंत असा मीच उरलोय.

कृपा करून एवढं कर.

एमेट

*

बफेलो, २४ मे

प्रिय एमेट,

तुझ्या पत्रानं मला फार बरं वाटलं! आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग कळलं की तुलाही ते खरं वाटतंय, नाहीतर तू इतका कासावीस झाला नसतास. तुझं आणि डर्मटचं किती होतं ते मला माहीत आहे. एक सँडविच दोघांत खायचात. तो गेल्यावर जानेवारीत तूही गाव सोडलंस, तेव्हा आई म्हणाली, "एमेटच्या जिवाला लागलंय."

तर ऐक. तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. मी कमिटीसमोर उभी राहिले आणि तुझं नाव घेऊन सांगितलं, सतरा बंदच राहील. ओडेटनं तोंड एवढंसं केलं, पण मानलं. आता दाराला कायमची सळई जोडून टाकणार आहेत, पंधरा जूनला वेल्डिंगवाला येतोय. म्हणजे कुणी उघडायला नको आणि तो कुठं जायला नको. माझ्या मनासारखं झालं. माणूस तर मिळाला नाही, निदान त्याचा आवाज माझ्या हाताशी राहील.

मी जायची काही थांबले नाही हं. रोज दुपारी जेवण झालं की जाते. आता आमचं चांगलं जमलंय. मी राग सोडला तसा तोही मोकळा झालाय. आधी नुसते तीनच द्यायचा, आता बोलतच सुटतो. तीन, लगेच तीन, लगेच तीन, मध्ये दमही घेत नाही. परवा तर मी निघाले तरी चालूच होतं, पार पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होतं. मी वळून म्हटलं, "अरे हो रे बाबा, उद्या येते!" लहानपणीही असाच होता, एकदा तोंड उघडलं की बंद व्हायचं नाही.

फक्त काल दारावर हात ठेवला तर लोखंड आतून गरम लागलं. सावलीत आहे ते दार. असेल काहीतरी.

तुझे उपकार कसे फेडू?

तुझी,
बर्नी

*

टूसॉन, ३ जून

बर्निस,

हे पत्र बसून वाच. मग हवं ते कर.

सलग तीन-तीन-तीन म्हणजे बोलणं नव्हे. ते तुम्हां घरच्यांना कुणी कधी सांगितलं नाही, बायकापोरांना घाबरवायचं नाही म्हणून. नुसते तीन म्हणजे ‘मी आहे’. न थांबता तीन-तीन म्हणजे ‘मला बाहेर काढा’.

डर्मट कॅनडात गेला नाही.

एकाहत्तर साल, बावीस नोव्हेंबर, सोमवार. सरोवर गोठायच्या आधीची शेवटची बोट धक्क्याला लागली होती. तो सकाळपासून सतरामध्ये भिंतीला चिकटलेला गहू खरवडत होता, मी वर, गहू सोडायच्या चाकावर. आमचं ठरलं होतं. जेवणाच्या सुटीत तो नदीकडच्या दारानं निसटणार, पुलाजवळ एक ट्रकवाला त्याला घेणार. फळी नदीकडच्या दारापासून पार दुसऱ्या टोकाला, तो तिकडे गेला तर निसटायचं राहिलं असतं. पण बिल्ला खिळ्यावर तसाच राहिला असता तर मुकादमानं त्याला शोधलं असतं आणि बोभाटा झाला असता. म्हणून सुटी संपताना त्याचा बिल्ला मी काढायचा. त्यानं सांगितलं, मी हो म्हटलं. भावाच्याही बिल्ल्याला हात लावायचा नाही, हे मला तुझ्याइतकंच पाठ होतं. पण आम्ही सगळेच कधी ना कधी एकमेकांचे काढायचो, गुत्त्यात लवकर जायला मिळावं म्हणून. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

साडेबाराला मी तो काढला. तो गेला की नाही हे बघितलं नाही. कशाला बघायचं, ठरलं होतं ना!

मुकादमानं फळी बघितली. सतरा मोकळी. खालच्या माणसानं दार बाहेरून लावून घेतलं. बिल्ला नाही म्हणजे माणूस नाही. मला सांगितलं, सोड. चाकावर हात ठेवला आणि मला ते ऐकू आलं. पायाखालच्या झाकणातून. तीन. मग लगेच तीन.

मी ऐकलं, बर्नी. इतकी वर्षं मी स्वतःला सांगतोय की यंत्रांच्या खडखडाटात नीट कळलं नाही. कळलं होतं. मुकादम तीन पावलांवर उभा होता. थांबा म्हणायला एक शब्द पुरे होता. पण मग बिल्ला कुणी काढला हे आलं असतं, दोघांची नोकरी गेली असती, आणि डर्मट पळतोय हे उघड झालं असतं. मी मनाशी म्हटलं, तो तर गेलाय, पुलावर पोचला असेल, हे दुसरंच काही आहे. एवढं म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी चाक फिरवलं. गव्हाचा आवाज सुरू झाला की दुसरं काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी त्या ट्रकवाल्याला पुलाजवळ गाठलं. तो म्हणाला, तुमचा माणूस आलाच नाही.

तेव्हाही मी बोललो नाही. थंडीत पाणी शिरून गहू बसला, वसंतात कंपनीनं टाळं लावलं. मावशी रोज खिडकीत बसायची, ते मला बघवेना. म्हणून ते कार्ड मी पूल ओलांडून जाऊन टाकलं. माझीच अक्षरं आहेत. मला वाटलं मी तिच्यावर दया करतोय. तिनं त्याला भित्रा म्हटलं, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

तू दार कायमचं बंद करतेयस. मी गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. दोन रात्री तोच विचार केला, तेही लिहून टाकतो.

दार बंद करू देऊ नकोस. त्याला बाहेर काढ.

हे पत्र हवं त्याला दाखव.

एमेट

*

बफेलो, २९ जून

एमेट,

तुझं पत्र नऊ तारखेला मिळालं. ते मी तीनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तुझे सगळे फोटो फाडले. त्यात डर्मटचेही फाटले, कारण तुम्ही दोघं कधी वेगळे उभेच राहिला नाहीत. तुझं तळपट होवो, असं मी मोठ्यानं म्हटलं. शेजारीण धावत आली.

मग कोटाची बटणं लावली आणि ओडेटकडे गेले. तिला सगळं सांगितलं. त्या पोरीनं लगेच वेल्डिंगवाल्याला फोन करून येऊ नको म्हटलं आणि पोलिसांना बोलावलं. मी पत्र त्यांना दाखवलं. सगळं वाचून त्यांचा अधिकारी म्हणाला, "इतक्या वर्षांनी याचा खटला उभा राहत नाही, बाई." परत दिलं. म्हणजे तुला न्यायला कुणी येणार नाही. खूश?

गहू फोडायला पाच दिवस लागले. खरोखर दगड. पहिल्या दिवशी ड्रिल लावायच्या आधी मी दारावर हात ठेवून सांगितलं, "येतोय, थांब जरा." आतून काहीही आलं नाही. त्या दिवसापासून एकही ठोका आला नाही. त्याला कळलं असेल.

शुक्रवारी दुपारी सापडला. दारापासून हातभर अंतरावर. मला बघू नका म्हणाले. मी म्हटलं, चाळीस वर्षं बघितलं नाही, आता अडवाल तर याद राखा. फार काही उरलं नव्हतं. पण बूट होते, नाड्या घट्ट बांधलेल्या. अंगात कामाचा डगला. आणि फावडं. दोन्ही हातांत.

एमेट, तू इतकं लिहिलंस, पण एक गोष्ट तुझ्याही लक्षात आली नाही. इतकी वर्षं तू हेच धरून बसलास की तो निघायच्या आत तू घाई केलीस. तसं नाही. ट्रकवाला वाट बघत होता, नदीकडचं दार उघडं होतं, सबंध सुटी त्याच्या हातात होती. पळणारा माणूस जेवून झाल्यावर नाड्या बांधून, फावडं घेऊन परत आत उतरत नाही. त्यानं ठरवलं होतं. तो जाणार नव्हता. संध्याकाळी घरी येऊन आईला तसं सांगणार होता, आणि मग जे काही व्हायचं ते होणार होतं. तिचा मुलगा भित्रा नव्हता. मीही दारात बसून त्याला शिव्या दिल्या, मग रोज गप्पा मारल्या, आणि तो बापडा आतून हाका मारत होता. हे मला आता जन्मभर पुरेल, तुझ्याइतकंच.

सतरा साफ झाली. ओडेटनं काल विचारलं, इथं काही करू का, त्याच्या नावानं काही टांगू का, आवाज लावू का. मी म्हटलं, काही नको. खालचं दार काढून टाका. वरचं झाकणही. ती हो म्हणाली. आज आत जाऊन मी एक ठोका मारला. एकच परत आला, तो वर गेला आणि गेला. उजेड पार खालपर्यंत येतो. कुणाच्या तरी लहान पोरी आत गोल गोल धावत ओरडत होत्या. त्यांना मी ओरडू दिलं.

बारा जुलैला सकाळी दहाला त्याची माती आहे, आईबाबांच्या शेजारी. दगडावर नाव कोरायला दिलंय. मी तुला माफ केलेलं नाही. पुढे करेन असंही सांगत नाही, मला माहीत नाही. पण पेटी उचलायला सहा जण लागतात. ओडेट आहे, मी आहे, शेजारचे दोघं भाऊ आहेत, चर्चचा एक माणूस आहे. पाच झाले. भाड्यानं माणूस मिळतो म्हणाले, मी नको म्हटलं.

काळे बूट आण. विमानतळावर घ्यायला मी येणार नाही, बसनं ये.

बर्निस